वीस टक्क्यांची रेघ

रक्तकर्करोगाचे निदान असे एकवचनात म्हणण्याची सवय असली, तरी त्या एका निदानामागे चार निरनिराळ्या प्रकारची साक्ष असते : रंगवलेल्या काचपट्टीवर डोळ्यांना दिसणारे पेशींचे रूप, पेशींच्या पृष्ठभागावर आणि अंतर्भागात असणारी प्रथिने, पेशींतील गुणसूत्रांची मांडणी आणि त्या गुणसूत्रांवरील जनुकांत झालेले बदल. ही साक्ष गोळा करून, तिच्यातील विसंगती पारखून, रोगाला नाव देण्याचे काम विकृतिशास्त्रज्ञाचे, म्हणजे रुग्ण ज्याला ‘पॅथॉलॉजिस्ट’ म्हणून ओळखतो पण ज्याला तो बहुधा कधी पाहतही नाही, त्या डॉक्टरचे असते. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात गाठ असते, ती कोठवर पसरली आहे याला महत्त्व असते आणि ती कापून काढण्याचा मार्ग निदान काही वेळा तरी खुला असतो. ल्युकेमियात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगात, रोग आरंभापासूनच रक्तासोबत शरीरभर फिरत असल्यामुळे शस्त्रक्रियेला जागाच उरत नाही आणि उपचाराची दिशा जवळजवळ सर्वस्वी रोगाच्या नावावर ठरते. म्हणूनच ते नाव कोणत्या साक्षीच्या बळावर द्यावे, हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा राहत नाही.

या प्रश्नावर विकृतिशास्त्राच्या क्षेत्रात दोन प्रवृत्ती आढळतात. पुढील संवादात त्या दोघांना दिल्या आहेत : एक ज्येष्ठ अध्यापक, ज्यांची सारी घडण सूक्ष्मदर्शकावर झाली आहे, आणि दुसरी त्यांचीच एके काळची विद्यार्थिनी, जी आता रेणवीय निदानाची, म्हणजे जनुके आणि गुणसूत्रे तपासण्याची प्रयोगशाळा सांभाळते. सोयीसाठी त्यांना रूपवादी आणि जनुकवादी म्हटले आहे. प्रत्यक्षात या दोन्ही भूमिका एकाच डॉक्टरच्या मनात एकाच सकाळी आलटून पालटून उभ्या राहतात, हे त्या दोघांनाही ठाऊक आहे.

रूपवादी : या शास्त्राचा जन्मच डोळ्यांनी पाहण्यातून झाला, हे विसरून चालणार नाही. 1845 साली एडिंबरोमध्ये जॉन ह्यूज बेनेट यांनी आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली, ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा अतोनात सुकाळ होता. बेनेट यांना ते पू झालेले रक्त वाटले, तर फिरखो यांनी पुवाची कल्पना नाकारून हा रक्ताचाच स्वतंत्र विकार असल्याचे ओळखले आणि 1847 साली त्याला ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले. दोघांसमोर दृश्य जवळजवळ सारखेच होते, पण एकाने जे पाहिले त्याचा अर्थ त्याला लावता आला नाही. पुढे पाउल एर्लिख यांनी कोळशाच्या डांबरापासून बनणारे रंग वापरून पांढऱ्या पेशींतील कणांचे प्रकार वेगळे केले, आणि 1901 साली विल्यम लिशमन यांनी सांगितलेले रंजनद्रव्य आजही आपल्याकडील तालुक्याच्या लॅबपर्यंत रोज वापरले जाते. एका थेंबाचा पातळ लेप काचेवर ओढायचा, तो सुकवायचा, रंगवायचा आणि पाहायचा. अर्ध्या तासात उत्तराचा मोठा भाग हाती येतो. इतक्या कमी खर्चात इतके सांगणारी दुसरी तपासणी दाखवता येईल का?

जनुकवादी : सर, काचपट्टी पुष्कळ सांगते, यावर वाद नाही, ती कारण सांगत नाही, एवढाच आक्षेप आहे. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया, ज्याला सगळे सीएमएल म्हणतात, त्याचेच पाहा. त्या रुग्णाच्या लेपात पांढऱ्या पेशींच्या वाढीच्या सर्व अवस्था एका रांगेत मांडल्यासारख्या दिसतात आणि अनुभवी डोळा तो आजार दहा पावलांवरून ओळखतो. परंतु तो आजार आहे तरी काय, हे 1960 साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक विलक्षण आखूड गुणसूत्र सापडेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. 1973 साली शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी दाखवले की ते गुणसूत्र केवळ तुटलेले नाही, तर 9 आणि 22 या क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे एकमेकांशी बदलले आहेत. त्या अदलाबदलीमुळे बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके जोडली जातात आणि त्या जोडजनुकातून असे विकर तयार होते, जे पेशीला विभाजनाची आज्ञा देत राहते आणि थांबतच नाही. इमॅटिनिब ही गोळी नेमक्या त्याच विकराला अडवते; 2001 साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि जो आजार काही वर्षांत जीव घेत असे तो रोजच्या गोळीवर आवरता येऊ लागला. आता हे जोडजनुक सापडल्याशिवाय कोणी सीएमएल म्हणत नाही. रूप सारखे आणि जनुक नाही, असा रुग्ण असेल, तर त्याचा आजारच वेगळा.

रूपवादी : ते मान्य. पण ते जनुक शोधा, हे सांगितले कोणी? काचपट्टीनेच.

जनुकवादी : संशय काचपट्टीने दिला, पण पाठपुरावा तिच्या आवाक्यात नाही. उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत लेप अगदी निरोगी दिसू लागतो, आणि त्या निरोगी दिसणाऱ्या रक्तात रोग किती उरला आहे, हे जोडजनुकाच्या प्रती मोजूनच कळते. आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर हे प्रमाण 0.1 टक्क्याखाली गेले, तर उपचार मार्गावर आहे. वेळेत गेले नाही, तर रुग्ण गोळ्या चुकवतो आहे का, की त्या विकराचा आकार बदलून औषधाला थारा मिळेनासा झाला आहे, हे पाहावे लागते. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या नव्या स्वरूपाला पेटंट नाकारल्यामुळे भारतात स्वस्त इमॅटिनिबचा मार्ग मोकळा राहिला आणि म्हणूनच ही मोजणी सामान्य रुग्णाच्याही उपयोगाची ठरली. दहा हजारांत एक उरलेली पेशी सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही.

येथे रूपवाद्यांनी माघार घेतली, आणि ती योग्यच होती. उरलेला रोग शोधण्याच्या बाबतीत, मग तो सीएमएलमधील असो वा मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातील असो, डोळ्यांची बाजू कोणी गांभीर्याने मांडत नाही. परंतु वाद केवळ काय दिसते याचा नसून केव्हा कळते याचाही आहे, आणि ज्येष्ठ अध्यापकांनी आपले सर्वांत भक्कम उदाहरण त्यासाठी राखून ठेवले होते.

रूपवादी : तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया घ्या. नॉर्वेचे लाइफ हिलेस्टाड यांनी 1957 साली त्याचे वर्णन केले तेव्हा तो ल्युकेमियांतील सर्वांत वेगाने जीव घेणारा प्रकार मानला गेला, आणि तो जीव घेतो तो पेशींच्या संख्येने नव्हे, तर रक्तस्रावाने. या रोगातील पेशी प्रोमायलोसाइट नावाच्या अवस्थेत अडकून पडलेल्या असतात. त्यांच्यातून बाहेर पडणारी द्रव्ये रक्त गोठवण्याची सारी यंत्रणा विस्कटून टाकतात, एकीकडे सूक्ष्म गुठळ्या होतात आणि दुसरीकडे गोठवणारी प्रथिने संपून मेंदूत किंवा फुप्फुसात रक्त झिरपू लागते. रुग्ण येतो तो हिरड्यांतून रक्त आणि अंगावर निळे डाग घेऊन. यंत्राने काढलेल्या सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या गणनेत, पांढऱ्या पेशी वाढलेल्या तर नसतातच, अनेकदा त्या कमी असतात आणि प्लेटलेट्सही घटलेल्या असतात, त्यामुळे एखादा घाईचा डॉक्टर डेंग्यू समजून मोकळा होऊ शकतो. अशा वेळी लेपाच्या कडा आणि शेपटी नीट पाहणाऱ्याला तीन-चार विचित्र पेशी सापडतात : केंद्रक मधोमध दुमडलेले, पेशीद्रव जांभळट कणांनी खच्चून भरलेले, आणि काही पेशींत लालसर काड्यांच्या मोळ्या. या काड्यांना आउअर दंड म्हणतात, आणि त्यांची मोळी दिसली की अहवाल टंकलिखित होण्याची वाट पाहायची नसते, फोन उचलायचा असतो.

जनुकवादी : आणि फोनवर काय सांगायचे असते?

रूपवादी : ट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल आत्ता सुरू करा, गुणसूत्रांचा अहवाल मागाहून येईल. ट्रेटिनॉइन हा जीवनसत्त्व ‘अ’ चा एक प्रकार. शांघायच्या वांग झेन-यी यांच्या चमूने 1988 साली 24 रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि दाखवले की हे औषध अडकलेल्या पेशींना मारत नाही, तर त्यांना पुढे वाढू देते, म्हणजे वाट अडवून बसलेली पेशी प्रौढ होऊन आपल्या आयुष्याच्या क्रमाने संपते. चीनच्याच हार्बिन शहरातून सोमलाचे, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइडचे औषध आले, आणि आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी केवळ आर्सेनिकवरही दीर्घकाळ रोगमुक्ती टिकते, हे 2006 साली जगापुढे मांडले. आज पहिले काही आठवडे निभावलेल्या रुग्णांपैकी 90 टक्क्यांहून अधिक बरे होतात. जे दगावतात त्यांतील बहुतेक पहिल्या काही दिवसांतच दगावतात. त्या दिवसांत जनुकाची प्रयोगशाळा काय करत असते? नमुना पोहोचण्याची वाट पाहत असते.

हा प्रहार जिव्हारी लागणारा होता, कारण त्यात तथ्य आहे. जगभरच्या मार्गदर्शक सूचना या एका रोगाबाबत स्पष्टपणे सांगतात की रूपावरून संशय येताच, जनुकाची खात्री होण्यापूर्वी, ट्रेटिनॉइन सुरू करावे. शिवाय प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन वरचेवर देऊन त्यांची पातळी राखावी. अन्य कोणत्याही ल्युकेमियात केवळ संशयावर विशिष्ट औषध सुरू करण्याची अशी मुभा, किंबहुना अशी सक्ती, नाही. तरीही जनुकवादी बाजू येथे निरुत्तर झाली नाही.

जनुकवादी : मोळ्या दिसतात त्या नेहमीच्या प्रकारात. याच रोगाचा सूक्ष्मकणी प्रकार असतो, त्यात कण इतके बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाला पेशीद्रव रिकामे वाटते, केंद्रकाच्या दोन पाळ्या झालेल्या असतात, पांढऱ्या पेशींची संख्या चढलेली असते आणि भल्याभल्यांना ती मोनोसाइट जातीची पेशी वाटते. तेथे काही तासांत मदत करते ती फ्लो सायटोमेट्री. या तपासणीत पेशींवरील प्रथिनांना नेमके चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात; अशी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची युक्ती 1975 साली केलर आणि मिल्स्टाइन यांनी शोधली. त्या प्रतिपिंडांना चमकणारे रंग जोडतात, पेशींना द्रवाच्या बारीक धारेतून एकेक करून लेझरसमोरून नेतात, आणि प्रत्येक पेशी कोणत्या रंगाने किती चमकली हे यंत्र नोंदवते. या रोगातील पेशींवर सीडी34 आणि एचएलए-डीआर ही दोन प्रथिने बहुधा नसतात, आणि सीडी117 व मायलोपेरॉक्सिडेज ठळकपणे असतात. दिसण्यात फसवणारी पेशी येथे बरीचशी उघडी पडते.

रूपवादी : पण ते जनुक नव्हे. ती पेशीचीच अंगलक्षणे, फक्त रंग वेगळे.

जनुकवादी : मग जनुकाचेही ऐकून घ्या. 15 आणि 17 या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून पीएमएल आणि आरएआरए ही जनुके जोडली जातात. आरएआरए म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’ च्या संदेशाचा ग्राहक, आणि तोच बिघडलेला असल्यामुळे त्या जीवनसत्त्वाचा मोठा डोस येथे लागू पडतो. शांघायमध्ये औषध आधी सापडले, त्याची उपपत्ती जनुकांनी पुरवली. काही थोड्या रुग्णांत आरएआरए हे पीएमएलऐवजी झेडबीटीबी16 या दुसऱ्या जनुकाशी जोडलेले असते, आणि त्या रुग्णांवर ट्रेटिनॉइन व आर्सेनिक दोन्ही फारसे चालत नाहीत. पहिली कॅप्सूल काचपट्टीच्या भरवशावर द्यावी, हे कबूल. परंतु पुढचे कित्येक महिने आर्सेनिक चालू ठेवायचे ते काचपट्टीच्या भरवशावर नव्हे.

एवढ्यावर दोघांचे जमले, कारण घड्याळ आणि कॅलेंडर ही दोन वेगळी मापे आहेत, हे त्यांना मान्य झाले. त्यानंतर संवाद वळला तो अधिक सामान्य, पण प्रयोगशाळेच्या बाहेर क्वचितच बोलल्या जाणाऱ्या विषयाकडे, म्हणजे नमुन्याकडे. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील जी मऊ ऊती रक्तपेशी बनवते ती, बहुतेक वेळा कमरेच्या हाडाच्या मागील उंचवट्यातून सुईने काढतात. सिरिंजमध्ये ओढलेल्या पहिल्या अर्ध्या-एक मिलिलिटरमध्ये मज्जेचे कण सर्वाधिक असतात. ओढणे चालू ठेवले की आसपासच्या केशिकांतील रक्त त्यात मिसळत जाते आणि नमुना पातळ होतो. साहजिकच त्या पहिल्या काही थेंबांवर प्रत्येकाचा दावा असतो : लेप ओढणाऱ्याला ते हवेत, कारण कणांशिवाय मज्जेची घनता सांगता येत नाही, उरलेला रोग मोजणाऱ्यालाही तेच हवेत, कारण रक्ताने पातळ झालेल्या नमुन्यात रोग नाही असा खोटा दिलासा मिळतो. गुणसूत्रे पाहणाऱ्याला जिवंत, विभाजनक्षम पेशी हेपॅरिन घातलेल्या नळीत हव्या असतात, जनुके पाहणाऱ्याला ईडीटीए घातलेल्या. नळी चुकली किंवा नमुना उन्हाळ्यात नांदेडहून मुंबईपर्यंत उघड्या पिशवीतून आला, तर कोट्यवधींचे यंत्रही त्याला दिलेल्या मृत पेशींविषयीच बोलणार. शितावरून भाताची परीक्षा होते ती शीत त्याच भांड्यातले असेल तर, हे या व्यवसायात रोज नव्याने सिद्ध होते.

लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींत वाढणाऱ्या रक्तकर्करोगांचा प्रांत या दोघांनी ओझरताच पार केला. तेथे अडचण वेगळी आहे : आपल्या देशात मानेतली गाठ म्हणजे क्षय, हा समज इतका रुजला आहे की सुईने काढलेल्या चार पेशींवर समाधान मानून क्षयाची औषधे सुरू होतात आणि हॉजकिन लिम्फोमाचा रुग्ण काही महिने गमावून बसतो. संपूर्ण गाठ काढून तिची अंतर्रचना पाहिल्याशिवाय हे सुटत नाही, आणि त्या बाबतीत रूप व जनुक यांच्यात भांडण नाही.

खरे भांडण पुन्हा मज्जेवरच झाले.

जनुकवादी : रूपावर विसंबण्यातला धोका आपल्याकडे जास्त आहे, कारण ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या शाकाहारी समाजात सर्रास आढळते. ती तीव्र झाली की तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घटतात, मज्जा मात्र पेशींनी तुडुंब भरते, आणि त्या पेशी मोठ्या, कोवळ्या केंद्रकाच्या व वेड्यावाकड्या दिसतात. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे रक्तपेशींची घडणच बिघडवणारा आणि पुढे ल्युकेमियात परिणत होऊ शकणारा जो आजार, त्याच्याशी हे चित्र इतके मिळते की कित्येकदा ल्युकेमियाचाही भास होतो. एका कर्करोगाचे नाव आणि काही इंजेक्शने, यांतले अंतर केवळ डोळ्यांवर सोपवायचे का?

रूपवादी : डोळ्यांवर नाही, विचारावर. ब-12 मोजल्याशिवाय किंवा इंजेक्शने देऊन दोन आठवडे वाट पाहिल्याशिवाय तो शिक्का मारणारा विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शक दोषी ठरवून सुटू शकत नाही. पण आता उलटे पाहा. 2014 साली निरोगी लोकांच्या रक्ताचे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले आणि कळले की सत्तरी ओलांडलेल्या साधारण दर दहांपैकी एकाच्या रक्तात डीएनएमटी3ए, टेट2 किंवा एएसएक्सएल1 या जनुकांत बदल झालेल्या पेशींचा एक वंश मुकाट वाढत असतो. तीच जनुके मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोममध्येही बदललेली सापडतात. तेव्हा ब-12 अभावी अशक्त झालेल्या एखाद्या 75 वर्षांच्या आजींचे रक्त केवळ जनुकयंत्रात घातले, तर यंत्र कर्करोगाची जनुके प्रामाणिकपणे दाखवील आणि त्यांना नसलेला रोग बहाल होईल. जनुकात बदल आहे म्हणजे रोग आहे, असे नव्हे. त्या बदलाने पेशींचे काय केले, हे पाहावेच लागते, आणि पाहणे म्हणजे पुन्हा काचपट्टी.

दोघांनी एकमेकांच्या हातातील शस्त्र असे बोथट केल्यावर वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न उघडा पडला : रोग कोठे सुरू होतो, ही रेघ आखतो कोण? तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या बाबतीत ही रेघ ब्लास्ट नावाच्या अगदी अपक्व पेशींच्या प्रमाणावर आखली जाते. 1976 साली फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश तज्ज्ञांनी मिळून केलेल्या वर्गीकरणात मज्जेतील 30 टक्के ब्लास्ट ही सीमा मानली. 2001 साली जागतिक आरोग्य संघटनेने ती 20 वर आणली. एका वर्षी मायलोडिस्प्लास्टिक म्हटलेला 25 टक्क्यांचा रुग्ण त्याच मज्जेसह दुसऱ्या वर्षी ल्युकेमियाचा झाला.

जनुकवादी : आणि ही रेघ मोजतात कशी? काचपट्टीवरच्या 500 पेशी एकेक करून. साध्या संख्याशास्त्राने पाहिले, तरी 500 पैकी 100 ब्लास्ट मोजले, तर खरे प्रमाण साधारण 16.5 ते 23.5 टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. दोन मोजणाऱ्यांचे मतभेद आणि नमुन्याचे पातळपण यात धरलेलेच नाही. म्हणजे ज्या रेघेवर माणसाचे निदान बदलते, ती रेघ ज्या साधनाने मोजतात त्याच्या चुकीपेक्षाही बारीक आहे. एनपीएम1 या जनुकातील बदल मात्र असतो किंवा नसतो, आणि असला तर आज ब्लास्ट थोडे आहेत म्हणून रोग सौम्य ठरत नाही, तो काही आठवड्यांत उसळी घेतो.

रूपवादी : म्हणून जनुकवाद्यांनी एकमताने नवी रेघ आखली असेल, असे वाटले होते. 2022 साली काय झाले?

हा टोला मार्मिक होता. 2022 साली एकाच क्षेत्रात दोन वर्गीकरणे प्रसिद्ध झाली : जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथाची पाचवी आवृत्ती आणि तज्ज्ञांच्या दुसऱ्या गटाचे आंतरराष्ट्रीय सहमती वर्गीकरण. दोन्ही जनुकांना पूर्वीपेक्षा अधिक मान देतात, पण एनपीएम1 सापडल्यावर पहिले ब्लास्टच्या प्रमाणाची अट काढून टाकते, तर दुसरे किमान 10 टक्के तरी ब्लास्ट हवेत असे म्हणते. विशिष्ट जनुक सापडले नाही आणि ब्लास्ट 10 ते 19 टक्के असतील, तेव्हा पहिले त्याला ब्लास्ट वाढलेला मायलोडिस्प्लास्टिक विकार म्हणते, दुसरे मायलोडिस्प्लास्टिक आणि तीव्र ल्युकेमिया या दोहोंमधले जोडनाव देते. सहमती हे एका वर्गीकरणाच्या नावात आहे, दोहोंमध्ये नाही, अशी टिप्पणी येथे केल्यावाचून राहवत नाही. तथापि एवढे खरे की दोन्ही गटांसमोर पुरावा बहुतांशी तोच होता आणि तरीही रेघ वेगळ्या ठिकाणी पडली, याचा अर्थ ती रेघ निसर्गात सापडत नाही, ती उपचारांच्या सोयीने आखावी लागते.

शेवटी दोघांनी एका काल्पनिक अहवालावर आपापली भूमिका कसाला लावली. रुग्णाचे वय 66, ब-12 पुरेसे, मज्जेत ब्लास्ट 14 टक्के, पेशींची घडण स्पष्ट बिघडलेली, गुणसूत्रे सरळ, जनुकांत एएसएक्सएल1 आणि रन्एक्स1 या दोहोंत बदल. अहवालाच्या शेवटच्या ओळीत काय लिहायचे?

जनुकवादी : दोन्ही वर्गीकरणांची दोन्ही नावे. यातील जनुके ल्युकेमियाकडे झुकणाऱ्या रोगाची आहेत, आणि ज्या डॉक्टरला तीव्र ल्युकेमियाचे उपचार द्यायचे असतील त्याच्या हातात ते नाव असले पाहिजे, नाही तर विम्याची किंवा सरकारी योजनेची मंजुरीही अडू शकते, कारण ती नावावरच मिळते.

रूपवादी : आणि घरचे लोक तो अहवाल मोबाइलवर वाचतील, त्यात ल्युकेमिया हा एकच शब्द त्यांना कळेल, याचे काय? नाव एकच लिहा, ब्लास्ट वाढलेला मायलोडिस्प्लास्टिक विकार. त्याच्या खाली 14 हा आकडा, किती पेशी मोजल्या ते, जनुकांची नावे आणि त्यांचे गांभीर्य दोन वाक्यांत. उपचार करणारा डॉक्टर अडाणी नसतो, त्याला वर्णन द्या, तो ठरवील.

जनुकवादी : सर, वर्णन सगळेच लिहितात. ते वाचतो तो मोठ्या केंद्रातला डॉक्टर. जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर शेवटची ओळ वाचतो आणि तिच्यावरून रुग्णाला कोठे, किती घाईने पाठवायचे ते ठरवतो. त्या ओळीत घाई दिसली नाही, तर रुग्ण महिनाभर रक्त चढवत घरी बसेल.

या युक्तिवादावर ज्येष्ठ अध्यापक काही वेळ विचारात पडले, आणि त्यांनी दोन्ही नावे लिहिण्यास संमती दिली; मात्र आकडा नावांच्या आधी यावा, आणि रुग्णाने एक महिन्याच्या आत रक्तविकारतज्ज्ञाकडे जावे अशी सूचना त्याच ओळीत असावी, या दोन अटींवर. जनुकवादी बाजूने पहिली अट मान्य केली. दुसऱ्या अटीतील ‘एक महिना’ खोडून तेथे ‘एक आठवडा’ लिहावे की नाही, यावर त्यांची चर्चा चालू राहिली.